धुराड्यातला गारवा

रणपिसे मॅडमची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण मीच काढलं होतं. आमच्या चाकणच्या कंपनीत गिअरचे दाते कडक करायची मोठी भट्टी आहे, तिला सगळे फर्नेस म्हणतात. ती फर्नेस, तिचं धुराडं, पाण्याच्या टाक्या, हवेचे कॉम्प्रेसर असा सगळा पसारा माझ्याकडे. आमच्या खात्याचं नाव युटिलिटी. सगळं सुरळीत चाललं तर आमची कुणाला आठवण येत नाही, आणि काही बंद पडलं की पहिली शिवी आम्हाला. घर कुरुळीत, कंपनीपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही सुटका नाही. अशा माणसाच्या टेबलासमोर एक दिवस पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेल्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बागडे, तुमच्या धुराड्यातून जे वाया जातं ते मला हवंय."

"काय वाया जातं?" मी जरा घुश्शातच विचारलं. माझ्या खात्यात काही वाया जातं असं कुणी म्हटलेलं मला खपत नाही.

"उष्णता."

"न्या की मॅडम. पोत्यात भरून न्या. फक्त धुराड्याला भोक पाडायचं नाही."

"भोकच पाडावं लागेल," त्या शांतपणे म्हणाल्या.

त्यानंतर आम्ही बराच वेळ भांडलो. म्हणजे आवाज फक्त माझा चढत होता. त्या माझं बोलून होईपर्यंत थांबायच्या आणि मग तेच वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणायच्या. शेवटी वरून परवानगी आली आणि माझ्या लाडक्या धुराड्याला मलाच उभं राहून भोक पाडून घ्यावं लागलं. त्या दिवशी मी जेवलो नाही, हे खरं सांगतो.

डॉ. कुमुद रणपिसे. उष्णतेवर चालणारी शीतयंत्रं हा त्यांचा विषय. आमच्या मालकांच्या थोरल्या भावाला कधीतरी या विषयाचं वेड लागलं, त्याने मॅडमना संशोधनासाठी आणलं, मागच्या बाजूला एक शेड दिली आणि काही वर्षांनी तो वारला. वेड त्याच्याबरोबर गेलं, मॅडम राहिल्या. कंपनीच्या तक्त्यात त्यांच्या नावावरून एक रेघ वर जायची ती थेट मालकांपर्यंत, आणि खाली जाणारी रेघच नव्हती. अधूनमधून एखादा नवा इंजिनिअर त्यांच्या हाताखाली यायचा. त्या त्याला मनापासून शिकवायच्या. तो दिवाळीपर्यंत टिकला तर खूप. मग इलेक्ट्रिक गाड्यांच्या एखाद्या कंपनीतून त्याला बोलावणं यायचं, आणि मॅडम त्याला कॅन्टीनमध्ये नेऊन इडली खायला घालायच्या आणि परत येऊन एकट्या कामाला लागायच्या. अशा इडल्यांना मीही दोनदा हजर होतो. दोन्ही पोरं चांगली होती. त्यांना दोष देता येत नाही.

कंपनीत त्यांना 'बर्फवाल्या बाई' म्हणायचे. आगीपासून गारवा करणार म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार? माझ्याकडचे सगळ्यात जुने ऑपरेटर बबनराव, निघोज्याचे. त्यांनी एकदा कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत विचारलं, "म्याडम, राग मानू नगा, पर इस्तवानं गार कसं व्हईल वो? आमाला न्हाई पटत."

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"बबनराव, पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीत काय होतं?"

"पानी सुटतं."

"सुटत नाही, ते मीठ हवेतलं पाणी पितं. मग वहिनी काय करतात?"

"तव्याव भाजत्यात."

"माझ्या यंत्रात तसंच एक मीठ आहे, फार तहानलेलं. ते पाण्याची वाफ पिऊन टाकतं. पाण्याची वाफ होताना गारवा पडतो, अंगावरचा घाम वाळताना वाटतो ना, तसा. मीठ ओलं झालं की त्याला बागड्यांच्या धुराड्यावर भाजायचं. पुन्हा तहानलेलं. पुन्हा गारवा."

बबनरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हंजी इस्तू निस्ता मीठ भाजायला."

"नुसता मीठ भाजायला," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी बघतच राहिलो. त्या दिवसापासून बबनराव कंपनीत येणाऱ्या प्रत्येकाला हे समजावून सांगू लागले. आमच्याकडचे डिग्रीवाले मात्र विचारत, "मार्केट काय आहे याला?"

ते यंत्र म्हणजे पाहणाऱ्याला एक आडवी, राखाडी रंगाची टाकी. खाली दोन लहान पंप, त्यांचीही नुसती कुजबुज. आमच्या शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या मोठ्या दालनात, ठोकाठोक, घरघर, शिट्ट्या चाललेल्या असतात. तिथे जे गोंगाट करत नाही त्याला कुणी मशीन मानत नाही. पाहुणे आले की शेडच्या दारातून आत डोकावून विचारायचे, "मशीन कुठे आहे?" मॅडम टाकीकडे बोट दाखवायच्या. पाहुणे म्हणायचे, "अच्छा," आणि पुढे जायचे.

या टाकीचा एकच शत्रू होता, हवा. आतली हवा पूर्ण काढून टाकली तरच तिथलं पाणी थंड असतानाच उकळतं आणि सगळा खेळ जमतो. सुईच्या टोकाएवढी गळती राहिली तरी हवा आत शिरते आणि गारवा पडेनासा होतो. मॅडमच्या आयुष्यातली कितीतरी वर्षं ही हवा बाहेर ठेवण्यात गेली. मगात साबणाचं पाणी आणि हातात रंगाचा ब्रश घेऊन त्या एकेका जोडावर फेस लावत फिरायच्या, कान पाइपला टेकवायच्या. अशा वेळी शेडमध्ये कुणी बोललं तर ओठांवर बोट ठेवायच्या. एकदा मालकच बोलत आत आले, त्यांनाही तसंच गप्प केलं. मालक खरंच गप्प उभे राहिले.

सगळं तपासून झालं की त्यांचा आवडता शब्द यायचा, "थांबू या." मग नुसतं टाकीवरच्या दाबमापकाच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला नाही तर टाकी हवाबंद. सकाळी सांगवीहून कंपनीची बस आली की बाकीचे चहाकडे पळायचे आणि मॅडम खांद्यावरची पिशवीही न उतरवता काट्याकडे. मला या थांबण्याचा भयंकर कंटाळा यायचा. मी म्हणायचो, "मॅडम, तुम्ही रिकाम्या टाकीची राखण करता." त्या म्हणायच्या, "रिकामी ठेवणंच तर अवघड आहे, बागडे."

पहिल्यांदा यंत्राने नीट गारवा दिला तो फर्नेसवाल्यांच्या विश्रांतीच्या खोलीत. फर्नेसपुढे काम करणारी माणसं उन्हाळ्यात भाजून निघतात. त्यांना दर थोड्या वेळाने बसायला एक पत्र्याची खोली होती, ती फर्नेसपेक्षा थोडीच बरी. मॅडमनी हट्ट धरला की यंत्राचं थंड पाणी पहिलं त्या खोलीत फिरणार, मालकांच्या केबिनमध्ये नाही. खोलीच्या आत पत्र्याला जाड अस्तर लावून घेतलं, एक छोटा पंखा आणि थंड पाण्याची नळी बसवली. दुपारच्या पाळीची माणसं नेहमीसारखी टॉवेलने तोंड पुसत आत गेली. बराच वेळ झाला तरी कुणी बाहेर येईना. सुपरवायझर चिडून बघायला गेला तर सगळे भिंतीला टेकून झोपलेले.

सुपरवायझर ओरडायला लागला तशा मॅडम त्याच्या वाटेत उभ्या राहिल्या. "ओरडू नका. माझं रीडिंग चाललंय," म्हणाल्या. रीडिंग वगैरे काही चाललं नव्हतं. त्या दारातल्या फटीतून झोपलेल्या माणसांकडे बघत होत्या. ज्या भट्टीने त्यांना भाजलं तिच्याच उष्णतेने त्यांना निजवलं, हे त्यांच्या डोक्यात चाललं असावं. मला म्हणाल्या, "एवढंच करायचं होतं हो मला." त्यांच्याबद्दलचा माझा राग गेला असेल तर त्या क्षणी गेला. धुराड्याचं भोक मी मनातल्या मनात माफ केलं.

त्या खोलीला माणसं 'म्याडमची खोली' म्हणू लागली, आणि मॅडमना ते शेवटपर्यंत माहीत नव्हतं. माणसं त्यांच्याशी बोलायची नाहीत. अदबीने बाजूला व्हायची, 'नमस्कार म्याडम' म्हणायची आणि निघून जायची. एवढ्या शिकलेल्या बाईशी काय बोलायचं, हा त्यांचा प्रश्न. आणि आमच्या साहेब लोकांना प्रश्न असा की जिच्या कामाला मार्केट नाही तिच्याशी बोलून काय मिळणार. दोन्हीकडून मिळून मॅडमच्या वाट्याला शांतताच यायची. दुपारचा डबा त्या यंत्राशेजारी स्टुलावर बसून खायच्या.

एका संक्रांतीला मी आणि माझी बायको संगीता त्यांच्याकडे सांगवीला तिळगूळ द्यायला गेलो. दोन खोल्यांचा फ्लॅट, खिडकीतून मुळेकाठची झाडं दिसतात. लग्न राहून गेलं होतं. आई होती ती असेपर्यंत त्या दोघी, आणि नंतर एकट्या. संगीताला त्यांनी साडीचा पदर हातात घेऊन बघत 'रंग फार छान आहे' असं तीनतीनदा सांगितलं. बोलायची सवय मोडलेल्या माणसाचं जसं होतं तसं त्यांचं होत होतं. मध्येच गप्प, मध्येच एकदम भरभरून. चहा ठेवायला आत गेल्या तेवढ्यात कोपऱ्यातल्या फ्रिजने मोठ्याने घरघरायला सुरुवात केली. जुनाट फ्रिज, सगळा ओटा हादरत होता.

मला संधीच मिळाली. म्हटलं, "काय हे मॅडम! एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ तुम्ही आणि घरी असला भंगार फ्रिज? जन्मभर कॉम्प्रेसरला शिव्या घालता आणि घरात हा?"

"बदलायचाय, बदलायचाय म्हणते," त्या आतूनच म्हणाल्या. "पण हा बंद झाला की घर फार शांत होतं."

संगीता माझ्याकडे बघायला लागली. मी तिळगुळाचा डबा उगाच उघडला आणि परत लावला. येताना गाडीवर भोसरीच्या सिग्नलला ती एकदम म्हणाली, "त्यांना आपल्याकडे जेवायला बोलवत जा की वो." मी बोलावलं. त्या दोनदा आल्या. दर वेळी ताट स्वतः घासायला निघायच्या.

मग धाकटे मालक, म्हणजे मालकांचे चिरंजीव, कारभारात आले. परदेशात शिकून आलेला, हुशार, वाईट अजिबात नाही असा मुलगा. त्याने सगळ्या खात्यांचा हिशेब मांडला आणि मॅडमना बोलावून सरळ सांगितलं: गणपतीपासून दिवाळीपर्यंत यंत्र एकदाही न थांबता चालवून दाखवा. चाललं तर आपल्या सगळ्या प्लँटमध्ये एकेक बसवू, तुम्हाला माणसं देऊ. मध्येच थांबलं तर हा विषय बंद करू. मॅडमनी लगेच मला येऊन हे सांगितलं. "माणसं देणार म्हणालाय, बागडे," त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. प्लँटचं त्यांनी एकदाच सांगितलं, माणसांचं चार वेळा.

गणपती बसले त्या दिवशी यंत्र सुरू झालं. त्या महिन्यात मी त्यांना जेवढं आनंदात पाहिलं तेवढं आधी कधी पाहिलं नव्हतं. एकच मोठी अडचण मध्ये होती, खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सगळी मशीनं थांबतात, धुऊन पुसून हळदीकुंकू लावून त्यांची पूजा होते, आणि दसरा होईपर्यंत कुणी अवजाराला हात लावत नाही. फर्नेसही त्या दिवशी मंद ठेवतात. उष्णता कमी पडणार म्हणून मॅडमनी विजेचा हीटर जोडून घेतला होता. त्यांच्या त्या तहानलेल्या मिठाचा यंत्रात पाकासारखा द्रव असायचा आणि त्याची एक खोड होती. ते घट्ट असताना गरम राहिलं पाहिजे आणि फिरत राहिलं पाहिजे. थांबून थंड झालं तर नळ्यांतच त्याचा दगड होतो. बंद करायचंच असेल तर आधी पाणी मिसळून त्याला सावकाश पातळ करावं लागतं. म्हणून त्यांनी मेन स्विचवर ठळक अक्षरांत पाटी लावली: 'हा स्विच कोणत्याही कारणाने बंद करू नये.'

आदल्या वर्षीच्या खंडेनवमीची एक गोष्ट सांगायला हवी. त्या दिवशी आमच्या लोकांनी लेथला हार घातला, फर्नेसला घातला, फोर्कलिफ्टला घातला, वजनकाट्याला, पिण्याच्या पाण्याच्या कूलरला, हजेरीच्या मशीनलासुद्धा घातला. मॅडमच्या यंत्राला घातला नाही. मुद्दाम नव्हे. बबनराव म्हणाले, "टाकीला कशाला हार?" मॅडम प्रसादाचा द्रोण हातात घेऊन शेडच्या दारात उभ्या होत्या. प्रसाद खाऊन त्या आत गेल्या. मला मात्र फार वाईट वाटलं होतं आणि मी नंतर बबनरावांना तसं बोललोही होतो.

या वर्षी खंडेनवमीला बस दुपारीच सुटणार होती. मॅडमनी हीटर तपासला, पंप तपासले, पाटी पुन्हा एकदा घट्ट बांधली आणि नाइलाजाने गेल्या. मी मोठ्या फर्नेसच्या पूजेत अडकलो होतो, तिथून घरच्या अवजारांच्या पूजेला गेलो. दसऱ्याला सुट्टी. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीत पोहोचलो तर मॅडम शेडच्या मध्यभागी उभ्या. पिशवी खांद्यावरच. यंत्राला झेंडूचा भला मोठा हार, इतका मोठा की फर्नेसच्या हारापेक्षाही जाड. टाकीवर हळदीकुंकवाची बोटं, समोर फोडलेला नारळ, उदबत्तीची राख. आणि मेन स्विच खाली.

मी पंपावर हात ठेवला. गार. नळ्यांवर ठेवला. गार. आत मिठाचा दगड झाला होता.

तेवढ्यात बबनराव आले, आंघोळ करून, कपाळाला गंध. "म्याडम, बगितला का हार? चाकणाच्या बाजारातनं मुद्दाम आनला. आमी सगळ्या फर्नेसवाल्यांनी वर्गणी काढली. म्हनलं, आमाला गार ठिवती ती मशीन, तिला गेल्या साली इसारलो."

माझा तोल गेला. "बबनराव, स्विच कुणी पाडला?"

"मीच. चालत्या मशिनीची पूजा कशी करायची, सायेब? सनासुदीला तिला बी इसावा नगं?"

"आणि पाटी? पाटी वाचता येत नाही का?"

"वाचली की. पर ती रोजच्या दिसासाठी व्हती. खंडेनवमीला कोन मशीन चालू ठिवतं?"

मी तोंड उघडलं होतं. काय काय बोललो असतो देव जाणे. मॅडमनी माझ्या दंडावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"हार फार सुंदर आहे, बबनराव," त्या म्हणाल्या. "कुणी ओवला?"

"आमच्या घरी, पोरींनी."

"त्यांना सांगा, मॅडमना आवडला."

बबनराव खुश होऊन गेले. मॅडम स्टुलावर बसल्या. मी पुष्कळ आरडाओरडा केला. म्हटलं, मी आत्ता जातो धाकट्या मालकांकडे, सांगतो की यंत्रात दोष नाही, अडाण्यांनी स्विच पाडला, पुन्हा मुदत द्या. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही असं काही सांगणार नाही. बबनरावांचं नाव कुठेही येणार नाही."

"अहो, पण खरं आहे ते!"

"खरं हे आहे की मी चाकणात चालवायचं यंत्र केलं आणि त्याला खंडेनवमी सोसत नाही. दरवर्षी येते ती. स्विच पडला तर स्वतःहून मीठ पातळ करून घेईल अशी सोय करायला हवी होती. मी पाटी लावली." जरा वेळाने म्हणाल्या, "पाटी लावून काय होतंय."

धाकट्या मालकांना त्यांनी तेच सांगितलं. यंत्राच्या रचनेत उणीव आहे, ती माझी आहे, दुरुस्त करता येईल. मालकांनी 'दुरुस्त करता येईल' तिथपर्यंत ऐकलंच नसावं. विषय बंद झाला. मला आजही वाटतं की त्यांनी मला बोलू द्यायला हवं होतं. शास्त्रज्ञ म्हणून त्यांचं बरोबर असेल, पण एवढं बरोबर असण्याची गरज नव्हती. मी त्यांच्यावर कितीतरी दिवस रागावलेलो होतो.

त्या मात्र दगड झालेलं मीठ वितळवायला बसल्या. निर्णय झाला होता, कुणाला गरज नव्हती, तरी. गोणपाट गरम पाण्यात भिजवायचं, नळ्यांना गुंडाळायचं, निवलं की पुन्हा. आणि त्यांच्या मदतीला कोण, तर बबनराव. बादल्या भरभरून आणायचे, मायेने गोणपाटावर ओतायचे. "थंडी भरली व्हय गं तुला," असं टाकीला म्हणायचे. दरवेळी विचारायचे, "म्याडम, कशानं झालं वो असं?" आणि मॅडम म्हणायच्या, "होतं असं कधीकधी." मला ते बघवायचं नाही. मी तिथून काहीतरी काम काढून निघून जायचो.

बऱ्याच दिवसांनी मीठ सुटलं. यंत्र पूर्वीसारखं चाललं, आठवडाभर उत्तम चाललं. धाकटे मालक एकदा येऊन बघून गेले आणि म्हणाले, "व्हेरी गुड, मॅडम." मग फर्नेसवाल्यांच्या खोलीसाठी बाजारातले दोन एसी घ्यायचं ठरलं, आणि केवढ्या क्षमतेचे घ्यावेत हे मॅडमनीच काढून द्यावं असा निरोप आला. कुणाच्या मनात कुचेष्टा नव्हती, कंपनीत ते त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं म्हणून विचारलं. मॅडमनी खोलीची मापं पुन्हा घेतली, माणसं किती, पत्रा कोणत्या दिशेला तापतो, सगळं बघून अचूक काढून दिलं. त्यांना निवृत्तीला अजून काही वर्षं होती. खरेदी खात्यात टेबल देतो म्हणाले होते. त्यांनी राजीनामा दिला.

यंत्र कुठल्यातरी इंजिनिअरिंग कॉलेजने न्यावं म्हणून त्यांनी खूप खटपट केली. एका कॉलेजचे प्राध्यापक येऊन कौतुक करून गेले, ठेवायला जागा नाही म्हणाले. शेवटी भंगाराचा लिलाव झाला आणि कुदळवाडीच्या एका व्यापाऱ्याने ते घेतलं. सकाळीच त्याची माणसं गॅस कटर घेऊन आली. मीठ आम्ही आधीच पिंपांत काढून ठेवलं होतं. टाकीच्या आत मात्र अजून पोकळी होती, आणि पोकळी असलेल्या टाकीला कटर लावणं धोक्याचं. आत हवा सोडून, काटा वर आला की मी परवान्यावर सही करायची आणि मग त्यांनी कापायला घ्यायचं, असा नियम. माझा माणूस व्हॉल्व्हकडे निघाला तशा मॅडम पुढे झाल्या. खरं तर त्यांचा शेवटचा दिवस होऊन गेला होता. त्या कशाला आल्या होत्या कुणास ठाऊक.

"हवा मी सोडते," त्या म्हणाल्या.

आधी त्यांनी वाकून काट्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "कुठेही गळत नाहीये, बागडे," त्या म्हणाल्या. मी पाहिलं. काटा जिथे असायला हवा तिथेच होता.

त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला. सूं करून हवा आत जायला लागली, आणि त्याबरोबर त्यांच्या हाताने झटकन व्हॉल्व्ह बंद केला. त्यांनी नाही, हातानेच. त्या स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. कटरवाला पोरगा जवळ येऊन म्हणाला, "क्या हुआ मॅडम, टाइट है क्या? मैं खोल दूँ?"

"नको," त्या म्हणाल्या. "मला येतं."

मग त्यांनी दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि तसाच धरून ठेवला. केवढा वेळ हवा आत जात होती! ते यंत्र एवढा मोठा आवाज करू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. शॉपमधली माणसं काम थांबवून शेडच्या दारात जमा झाली. हळूहळू आवाज बारीक होत गेला आणि मग थांबला. मॅडमनी काट्याकडे पाहिलं, व्हॉल्व्हवरून हात काढले, आणि त्या पोराकडे वळून म्हणाल्या, "झालं. घे आता कापायला."